पकड

वहीच्या मागच्या पानावर तिची यादी:
मागची साइट नवी,
पुढची पात साडेचार मिलिमीटर,
नळीला लावायची छोटी वजनं.
शेवटी बेरीज, माझा दीड पगार.

त्र्यंबक रोडच्या रेंजवर दुसाने सर म्हणाले,
यातलं काही नको. आधी मूठ घासून घे.

म्हणून रविवारी, सातपूरच्या खोलीत,
ओट्यावर पेपर पसरून मी कानस काढली.
सव्वीस वर्षं लोखंड घासलं;
अक्रोडाचं लाकूड इतक्या पटकन उतरतं
की हात आखडतो.
ती मूठ धरते, मी पेन्सिलने खूण करतो:
अंगठ्याखाली खोल,
तळव्याशी लांबी भरून.

"पप्पा, चाप पाचशे ग्रॅमचा. त्याहून हलका चालत नाही."
पाचशे ग्रॅम. अर्धा किलो साबुदाणा.
प्रेसला तेवढाही जोर लागला नव्हता
माझ्या तर्जनीचं पेर न्यायला.

ती झोपल्यावर रिकामं पिस्तूल धरून पाहिलं.
हात कुठेच बसेना.
आणि चापापर्यंत पोचायच्या आधीच
बोट संपलं.

सकाळी डबा भरताना ती म्हणाली,
करंगळीपाशी अजून टोचतंय,
थोडं काढा.