पाणी न सोडता

आईच्या खुर्चीमागे जिथे हीटिंगची नळी वळते,
तिथल्या जॉइंटला ऑक्टोबरपासून थेंब धरत होता.
खाली मार्मलेडची रिकामी बरणी.
दिवसाला अर्धी भरते, आई म्हणायची,
टपटप ऐकू येतं, तेवढीच सोबत.

जानेवारीत गालिचा कुजला.
लॅकलनला फोन मी केला नाही. आईने केला.
तो आर्ब्रोथहून बर्फातून आला
आणि बूट न काढताच विचारलं,
"पाणी सोडायचं?"

नाही सोडायचं.
सात रेडिएटर, आत एकतीस वर्षांचं काळं पाणी,
बाबांनी भरलेलं.
एकदा सोडलं की सात ठिकाणी हवा अडकते,
दोन दिवस घर गारठतं,
आणि आई चौऱ्याऐंशीची.

बाबा डंडीच्या गोदीत पाइप फिटर होते.
त्यांची युक्ती साधी होती :
माळ्यावरच्या टाकीचं तळातलं भोक बुजवा,
टाकीवर वाकलेल्या नळीचं तोंड बुजवा.
वरून हवा शिरली नाही तर खालून पाणी पडत नाही.
स्ट्रॉच्या टोकाला बोट लावून पोरं सरबत उचलतात ना,
तेच.

त्यांच्या पत्र्याच्या डब्यात बुचं सापडली,
हात लावताच रबराचा भुगा.
आईने सूपसाठी सोललेली दोन गाजरं दिली.
एक टाकीत चपखल बसलं.
दुसरं मोडलं.
"राहू दे," वरून लॅकलन ओरडला, "मी अंगठा लावतो."

अंगठा.
घर विकायच्या कागदावर माझी सही आहे, त्याची नाही.
बाबांना पोचवून आलो त्या संध्याकाळी
मी त्याला म्हणालो होतो, तू येतोस नाताळला, तेही एक वर्षाआड,
सोड पाणी तुझ्या हिश्श्यावर.
तेव्हापासून जे मुरत होतं ते असं कुठे दिसत नव्हतं,
त्याच्याखाली बरणी ठेवता येत नव्हती.

बॉयलर बंद. नळी कोमट होईपर्यंत थांबलो.
मग पान्याने नळीवर एकदा टकटक : धर.
वरून एकदा टकटक : धरलंय.

नट पाव वळसा सैल केला.
काळं पाणी मनगटावर उसळलं, लोखंडाचा वास,
कपभर, फार तर दीड कप,
मग नळीने मोठा घोट गिळल्यासारखा आवाज केला
आणि थांबली.
उघड्या तोंडाशी पाणी थरथरत राहिलं.
पडेना.

मी बघतच बसलो जरा वेळ.
"झालं का रे?" आई म्हणाली. कोणाला, कळलं नाही.

आट्यांवर जुना ताग होता, दगडासारखा झालेला.
नखाने, मग चाकूने खरवडला.
उलटा गुंडाळला होता.
नट फिरतो त्याच्या विरुद्ध, म्हणजे आवळताना सुटत जाणारा.
बाबा असं करणार नाहीत.
पण त्या उन्हाळ्यात त्यांच्या शेजारी उकिडवा बसून
ताग गुंडाळायला धडपडणारा एक बारा वर्षांचा मुलगा होता,
आणि मला दाराबाहेर बसवलं होतं, लहान म्हणून.
बाबांनी पाहिलं असणार. तसंच आवळलं.

मी नवा ताग गुंडाळला, सुलटा.
वर पेस्ट. नट हाताने, मग पान्याने.
आणखी अर्धा वळसा देवासा वाटत होता.
दिला नाही, पितळ तडकतं.

दोनदा टकटक : सोड.
काही नाही.
पुन्हा दोनदा.
माळ्यावरून त्याचा आवाज आला,
"नक्की ना? मी धरू शकतो अजून."

खाली आला तेव्हा मोडकं गाजर खिशात,
अंगठ्यावर नळीच्या तोंडाचं गोल वळ, निळसर.
चहाचा कप त्याने दोन्ही तळव्यांत धरला.
तागाचं मी सांगितलं नाही.
त्याने विचारलं नाही, कशाचंच.

आईने बरणी पुसून परत तिथेच ठेवली,
असू दे म्हणाली, उद्यापर्यंत.
रात्री दोनदा उठून मी बघितली.
दुसऱ्यांदा तो तिथे आधीच उभा होता,
मोबाइलचा उजेड लावून,
नळीवर पालथा हात ठेवून.
"गरम आहे," तो म्हणाला.