लाल शाई

आमच्या मजल्यावर तीन दारं.
डावीकडचं शितोळ्यांचं. ते कधी पूर्ण लागतच नाही,
त्यातून ऋजुता बाहेर सांडते:
वय सात, एकाच पायात चप्पल, हातात अर्धी पोळी.
दूधवाल्याच्या म्हशींची नावं तिला पाठ,
आणि गॅसवाल्याच्या बायकोचे दिवस कधी भरतायत, तेही.

उजवीकडचं दाबक्यांचं.
नारायण पेठेतल्या एका छापखान्यात
चाळीस वर्षं मुद्रितं तपासत होते म्हणे,
हेही मला वॉचमनकडून कळलं.
दाराला पाटीसुद्धा नाही. पुण्यात!
पहाटे पाचला कचऱ्याची बादली बाहेर येते,
कडी वाजते,
की संपला त्यांचा आमच्याशी व्यवहार.

मधलं दार माझं, म्हणून मी पाहिलं.
ती फरशीवर पालथी पडून फटीतून कागद सारत होती:
आजोबा तुमी दूपारी एकटेच काय करता
तुमची रुजूता

संध्याकाळी कागद परत, पायपुसण्यावर.
'तुमी'च्या पोटात लाल ह घुसलेला,
'दूपारी'चा दू ऱ्हस्व केलेला,
शेवटी एक प्रश्नचिन्ह, इतकं देखणं की हात लावावासा वाटेल.
आणि खाली, रुजूता खोडून, ऋजुता.
उत्तर नव्हतं.

तिला त्याचं काही नाही.
अरण्येश्वरच्या भाजीवालीपर्यंत जाऊन दाखवून आली,
आजोबांचं पत्र आलं!

मग रोजच. मांजराबद्दल. भुताबद्दल.
पडलेल्या दाताबद्दल, दातासकट.
कागद परत आला, तपासून.
दात आला नाही.

एकदा मीच शहाणपणा केला.
आत सारण्याआधी कागद नीट करून दिला,
एक वेलांटी इकडची तिकडे नाही.
तो तिकडेच राहिला.
मंगळवार गेला, बुधवार गेला,
ऋजुता माझ्याशी बोलेना.

शनिवारी दाबक्यांच्या दाराखाली
कागदाचं टोक हललं. आतून बाहेर.
काळी शाई, बारीक अक्षर, एकच ओळ:
मी दूपारी घरीच असतो.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
चाळीस वर्षं,
आणि हा दू?

ऋजुता पायरीवर बसली होती,
गुडघ्यावर कागद, जीभ दातांच्या खिंडीतून बाहेर.
बराच वेळ बघत राहिली.
मग आठवड्यात पहिल्यांदाच मला म्हणाली,
काकू, लाल पेन आहे?