जाण्याचे कारण

दारातल्या टेबलावर रजिस्टर,
सुतळीला बांधलेलं पेन.
नाव, खोली, वेळ, जाण्याचे कारण.
कालपासून एकशे चार मुली खारघर सोडून गेल्या.
पहिल्या काहीजणींनी लिहिलंय : घरगुती.
मग खाली पानभर : वरीलप्रमाणे.

कुणीच लिहिलं नाही
की परवा ग्रंथालयाच्या काचा फुटल्या,
की गेटसमोर निळी गाडी उभी आहे
आणि तिच्यातले पोलीस आमच्याच मेसचा चहा पितात.

जिंतूरहून बाबांचा फोन, सकाळपासून सहावा.
"कळंबोलीहून साडेनऊची गाडी. सीट ठेवलीय.
आपण कुणाचं घोडं मारलं नाही,
पण जमाव विचारून येतो का?"
मागून आई : "रिकामे डबे आणायला सांगा."

बॅग भरली. स्वेटर काढला. पुन्हा भरला.

मुबश्शिरा नखं कापतेय
पेपर पसरून, पहिलं पान खाली.
तिचं घर इथून चाळीस मिनिटांवर.
तिलाही घरून फोन येतात :
येऊ नकोस.
"तू जा गं," म्हणाली,
"एक्स्टेंशन बोर्ड तेवढा ठेवून जा."
किटली तिची, बोर्ड माझा.
अडीच वर्षं आमचं पाणी असंच उकळतंय.

माझं आडनाव कुठल्याही गाडीत बसतं,
खिडकीशीसुद्धा.
आज पहिल्यांदा ते बॅगेपेक्षा जड लागलं.

खाली गायकरकाका खुर्चीत पाय वर घेऊन.
"ही बिल्डिंग आहे ना, इथं आमची भातखाचरं.
मोजणीवाले आले तेव्हा आम्ही लग्नाला गेलेलो.
परत येऊन बघतो तर खुंट्या ठोकलेल्या."
एवढं सांगून तंबाखू मळत बसले.
मला उद्देशून होतं की नाही, कळलं नाही.

साडेआठ. पांडवकड्याकडचा डोंगर
नुसता काळा. कुठेतरी घोषणा,
की लग्नाची वरात,
इतक्या लांबून सारखंच ऐकू येतं.

राहण्याचं कारण विचारणारा रकाना
या रजिस्टरात नाही.
असता तर काय लिहिणार होते मी?
बोर्ड?
धाडस तर नाहीच. माझे तळवे ओले,
पेन दोनदा निसटलं.

"लिहितेस की मिटू?" काका म्हणाले,
"डास शिरतायत."
नाव लिहून झालं होतं, खोलीही.
वेळेच्या जागी मी नुसतं टिंब दिलं
आणि जिना चढले.

ती काही बोलली नाही.
किटली लावली.
बाबांचा सातवा फोन.
पाणी उकळेपर्यंत
वाजू दे.