चार सह्या

रात्री दोनला फोन: अंगणात अस्वल आहे,
आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली.
एर्झ्सेबेत आजी इतक्या हळू बोलत होत्या
की वाटावं, घरात कुणी आजारी झोपलंय.

कार्पेथियनच्या या कुशीत कायदा असा आहे:
एकट्याने गोळी घालायची नाही.
मेयर हवा, जनावरांचा डॉक्टर हवा,
परवान्याचा शिकारी हवा,
आणि मी, गणवेशातला,
कमरेला पिस्तूल, पण या कामाचं नाही.

मेयर अंब्रुश आला स्वेटर उलटा घालून.
डॉक्टर रेकाच्या भुलीच्या पेटीवर
तिच्या लेकीने चिकटवलेली फुलपाखरं.
शिकारी देनेश शेवटी आला;
आज प्यायलो नाही, हे त्याने न विचारताच सांगितलं.

ते तिघं हंगेरियनमध्ये बोलत राहिले.
मी मोल्दावियाचा. सहा वर्षांत मला
भाकरी, थांबा आणि अस्वल,
एवढेच शब्द नीट येतात.
आज तेवढे पुरले.

फॉर्मवर तीन चौकोन:
आधी हाकलणे, मग भूल, मग गोळी.
सायरन वाजवला.
तिने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं,
जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर टकटक केल्यावर
कारकून पाहतो तसं,
आणि पुन्हा गवतातली फळं वेचायला लागली.

भुलीसाठी वजन हवं.
मेयर म्हणाला तीन क्विंटल, देनेश म्हणाला दीड.
तेवढ्यात खिडकीतून आजी म्हणाल्या,
मोडक्या रोमानियनमध्ये, म्हणजे मला उद्देशून:
"ती दरवर्षी येते."

मग फोन कशाला केलात?

"गेल्या साली दोन पिल्लं होती मागे.
यंदा एकटीच आलीय.
म्हटलं, कुणाला तरी सांगावं."

देनेश बंदुकीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.
रेकाने पेटी उघडली, बंद केली.
टॉर्च दातांत धरून मी फॉर्मवर वाकलो,
तीन सह्या झाल्या होत्या, चौथी जागा माझी.

कुंपणाची फळी मोडल्याचा आवाज आला.
झाडाखाली नुसता अंधार, आंबूस वासाचा.

पहिल्या चौकोनात मी खूण केली:
हाकलले. यशस्वी. वेळ तीन चाळीस.
कुणीच हाकललं नव्हतं.

आजी विचारत होत्या, फळीचे पैसे कोण देणार?
ते दुसरं ऑफिस, मी म्हणालो, सोमवारी उघडतं.

गाडीत बसल्यावर जूनमधला एक फॉर्म आठवत राहिलो.
खिंडीजवळची वस्ती, तिसरा चौकोन.
संख्येच्या रकान्यात एक लिहिलं होतं की दोन,
ते काही केल्या आठवेना.
अक्षर माझंच होतं.