खविसाचे प्राण किती

शनिवारी रात्री उद्यमनगरात भट्टी थंड झाली
की पॅटर्नशॉपच्या मागच्या खोलीत आम्ही टेबल लावतो.
फासा माझाच. वीस बाजूंचा, पितळी,
तीनदा ओतला तेव्हा कुठं
सतरा जास्त पडायचा थांबला.

नियमांचं पुस्तक परदेशी. त्यात ड्रॅगन, त्यात ट्रोल,
बर्फातले लांडगे. बाहुबली मगदूम म्हणाला,
"भावा, बर्फ मी फक्त उसाच्या रसात बघितलाय.
आपली भुतं काय मेली व्हय?"

म्हणून ही वही. दोनशे पानी, वर वजनकाट्याची जाहिरात.
प्रत्येक भुताला एक पान :
प्राण किती, चिलखत किती, वार कुठला,
मेल्यावर हाताला काय लागतं.

मुंजा सोपा गेला. बारा प्राण. पिंपळाबाहेर पाऊल नाही.
खडे मारतो. लग्नाचं विचारलं
की लाजतो, एक पाळी वाया.
आसरा सात, म्हणून सात वेगळे फासे,
रंकाळ्यात गुडघ्याच्या वर गेलात तरच.
ब्रह्मसमंधाला एवढं पाठांतर दिलं
की त्याची पाळी संपेस्तोवर चहा दोनदा झाला.

खविसापाशी अडलो. तो फक्त कुस्ती मागतो,
हे लहानपणापासून माहीत,
पण कुस्तीला फासा कुठला?
मंगळवार पेठेत म्हादू वस्तादांना गाठलं.
तालमीच्या मातीत ताक ओतत होते.

"प्राण? त्याला कशाला? प्राण तुला.
अंगच न्हाई तर पट कुठनं काढणार, ढाक कशावर लावणार?
नुसतं धरून ऱ्हायाचं. कोंबडा आरवंपर्यंत."
मग जरा थांबून,
"एकदा सुटला माझ्या हातनं.
उजाडायला अर्धा तास होता."
पुढं बोलले नाहीत. पायानं माती फिरवत राहिले.
मी वहीत लिहिलं : प्राण नाहीत. खेळाडूचे मोजावेत.

हडळीचं पान मात्र भरून आणलं होतं.
पंचेचाळीस प्राण, उलटे पाय, नखांचा वार दुहेरी,
मेल्यावर : हिरवा चुडा, किंमत तीस मोहरा.

शमशाद मुल्लाणी सीपीआरला, बाळंतिणींच्या वॉर्डात.
दुपारपाळी करून थेट आलेली.
खेळात तिच्याकडं कुऱ्हाड आहे, सहावी पातळी.
तिनं पान वाचलं. फासा उचलला नाही.
"बांगड्या आम्ही उतरवून पिशवीत घालतो," म्हणाली,
"वर नाव लिहितो. नातेवाइकांची सही घेतो."

भट्टीचे पत्रे निवताना टकटकत होते.

"माझीच पाळी ना? कुऱ्हाड खाली ठेवते.
तिला विचारते, बाळ कुठाय."

याला नियम नव्हता. पुस्तक पुढून मागून चाळलं.
बाहुबली म्हणाला, टाक की फासा, बघू तरी.
टाकला. टेबलावरून घरंगळत
साच्याच्या वाळूत गेला.
टॉर्च मारला तर तिरका रुतलेला,
दोन बाजू सारख्याच वर.
असं झालं की परत टाकायचा असतो.
परत कुणी टाकला नाही.
"ऱ्हाऊ दे आज," बाहुबलीच म्हणाला, आणि खुर्च्या उचलल्या.

दीड वाजता गाडी काढली.
टायर टांगलेलं पंक्चरचं दुकान एकदा गेलं,
दुसऱ्यांदा आलं, तिसऱ्यांदा आलं.
चकव्याचं पान अजून कोरं आहे, हे तेव्हा आठवलं.
गाडी कडेला लावली. चपला काढल्या,
डावी उजव्या पायात, उजवी डाव्यात,
करकरत दहाएक पावलं टाकली.
एक कुत्रं उठून बघायला लागलं.

घरी येऊन दिवा न लावता, मोबाइलच्या उजेडात लिहिलं :
चकवा. प्राण : लागू नाही.
उपाय : चालतो.