तबक

मत्रा बंदरामागच्या गल्लीत माझं दुकान.
बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंती सजवतोय:
आयती, खंजीर, लग्नं,
कुणाकुणाच्या इंजिनियर मुलांच्या पदव्या.

मंगळवारी झुवैनाबाई आल्या,
आजोळ झांजिबारचं, नखांत रंग,
जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक चित्र.
आधी मोबाइलवर मूळ दाखवलं:
चारशे वर्षांपूर्वीची कुणी गोरी सरदारीण
रेशमाचा डोंगर होऊन बसलेली,
आणि अगदी कडेला,
जेवढं चित्र फ्रेमच्या खाचेखाली जातं
नेमक्या त्या अर्ध्या इंचात,
तबक धरलेला एक काळा पोरगा.
नाव नाही.
सगळं चित्रच तिच्याकडे बघतंय, म्हणून तोही.

मग चादर सोडली.

सरदारीण गेली होती.
तिच्या खुर्चीत रय्या, बाईंची भाची, वय आठ,
पायात एकच चप्पल,
पडलेल्या दाताच्या खिडकीतून जीभ डोकावतेय.
गळ्याभोवती ती राजेलोकांची चुणीदार कॉलर.
जवळून पाहिलं तर कॉफी गाळायचे कागद,
टाचण्या टोचून गोल केलेले.
वेण्यांच्या टोकांना हिरवे मणी. एक निळा,
कारण हिरवे संपले.
आणि तबक?
ते उपडं घेतलंय मांडीवर.
वाजवतेय.

"काळा कुठला वापरलात?" धंद्याचं म्हणून विचारलं.
"काळा घेतलाच नाही," बाई म्हणाल्या.
"निळा, विटकरी, जरासा जांभळा.
कपाळावर दुपारी चारचं ऊन."
मी घड्याळ पाहिलं. चारच वाजले होते.

मी मुरूडचा.
आळीतच सिद्दींची घरं,
त्यांच्या पोरांबरोबर खाडीत कोळंबी धरलेली.
त्यांना हाक मारायचे आमचे शब्द
या चित्रासमोर तोंडातून निघेनात.

मुलगी झाली तेव्हा आईने हौसेने नाव ठेवलं, केतकी.
तव्यावर गेली रंगाने.
लोक नाव विचारायचे आणि हसायचे.
पाचव्या वाढदिवसाला मी सुट्टीवर होतो,
अलिबागच्या स्टुडिओत फोटो काढला.
फोटोवाला म्हणाला, "जरा उजळ करून देतो,
त्याचे जादा नकोत."
मी थँक्यू म्हणालो.
मीच मढवला तो, सागवानात.
अजून आहे घरी: फ्रॉक केतकीचा, चेहरा पिठाचा.

साडेतीन इंची सोनेरी पट्टी, इटलीची, कोरीव,
चार वर्षं माळ्यावर पडलेली, कुणाला परवडत नव्हती.
ती काढली.
खाच नव्याने पाडली,
अर्धा इंचही झाकायचा नाही असं ठरवून.
चौथा कोपरा कापताना हात हलला,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
बारीक फट राहिली. मेण भरलं.

रात्री पुण्याला फोन लावला.
"तुझा तो वाढदिवसाचा फोटो,
त्याची निगेटिव्ह असेल का गं कुठे?"
केतकी हसली,
सव्वीस वर्षांची बाई हसते तशी, आधी थोडं थांबून.
"निगेटिव्हमध्ये तर मी गोरीच दिसणार, बाबा."

गुरुवारी चित्र न्यायला रय्याही आली.
दोन्ही पायांत चप्पल.
नवा दात टोक काढून वर आलेला,
चित्र मागे पडलं होतं.
फ्रेमकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
स्वतःला एकदा तोंड वेंगाडून दाखवलं
आणि माझं बिल लिहून होईपर्यंत
काउंटरच्या काचेवर
बोटांनी वाजवत बसली.