ठोकून पाहिलेलं झाड

अमळनेर डेपोत एकतीस वर्षं टायर ठोकले मी.
पान्ह्याचा एक ठोका,
आणि कान सांगायचा हवा किती,
कुठलं चाक पारोळ्याच्या पुढे जाणार नाही.

तोच पान्हा काल शिरीषाला लावला.
रस्त्याच्या बाजूने झाड भरलेलं बोललं.
घराच्या बाजूने
रिकाम्या पिंपासारखं.

बुंध्याशी, कोब्याच्या फटीतून,
तांबूस टोप्या आल्यात एकावर एक,
वार्निश मारल्यासारख्या.
नातू म्हणतो, आजोबा, झाडाला कान फुटलेत.
हात लावला तर तपकिरी भुकटी,
झिजल्या ब्रेक लायनरची असते तशी,
दोनदा साबण लावूनही नखांत राहणारी.

लोटन करवतवाला आला. चहा प्याला.
एक चक्कर मारली, सालीवर कान ठेवला.
"दादा, झाड उभं शे,
पन मझार काहीच नई."
आठ हजार म्हणाला, लाकूड त्याचं.
मग वर बघितलं आणि सात म्हणाला.

कुमुद यात बोलत नाही.
तिने या उन्हाळ्यात पहिल्यांदा अंगणात बिबड्या घातल्या.
एरवी गुडघे धरून गच्ची चढायची.
फांद्या उघड्या पडल्या तेवढे तिचे जिने वाचले;
हे ती कुणाला सांगत नाही,
मीही विचारत नाही.
तिच्या कपड्यांची तार
झाडाने कधीच गिळलीय:
एका बाजूने सालीत शिरते
आणि बाहेर येत नाही.

काठी उभी केली, काठीची सावली मोजली,
मग झाडाची. त्रैराशिक मांडलं. अडतीस फूट.
बुंध्यापासून भिंत बावीस.
म्हणजे पडलं तर सोळा फूट आत.
सोळा फुटांत पत्रे येतात, माळा येतो,
सुनेची शिलाई मशीन,
पिकोला आलेल्या लोकांच्या साड्या,
नातवाची गादी.

त्या रात्री गाद्या हलवल्या आम्ही.
मागच्या खोलीत पाच जण, एक कूलर.
झाड जागेवर,
आम्हीच सरकलो.
सुरत लाईनवरून मालगाडी गेली की मांडणीतली भांडी थरथरतात
आणि कळतं सगळे जागे आहेत,
कारण कुणीच कूस बदलत नाही.

नगरपालिकेचा अर्ज आणला.
झाडाचे नाव. घेर. मालकी.
मालकीपाशी थांबलो जरा:
प्लॉट घेतला तेव्हा ते मनगटाएवढं होतं,
आधी तेच आलेलं.
पुढे, तोडण्याचे कारण.
रोगट, असं लिहिलं. खोडलं.
धोकादायक, असं लिहिलं. राहू दिलं.
रकाना एका ओळीचा;
त्यात कोबा मावला नाही.

कोबा मी घातलेला. थेट बुंध्याला भिडवून.
चिखल नको म्हणून.
वाल्मीक गवंडी म्हणाला होता,
भाऊ, हातभर आळं सोडा.
मी म्हटलं, हातभर जागेत स्कूटर उभी राहील.
राहिली. बावीस वर्षं राहिली.
मग स्कूटर भंगारात गेली.

लोटन शनिवारी येणार आहे. इसार दिलाय.
तरी आज ऊन उतरल्यावर छिन्नी घेऊन बसलो.
कुमुद दारात आली, म्हणाली,
आता कशाला?
मलाही माहीत आहे कशाला.
फाटलेल्या ट्यूबमध्ये हवा भरणारे ड्रायव्हर
मीच हसून परत पाठवायचो.

वर गेल्या वर्षीच्या शेंगा वाजत होत्या;
त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

हातभर कोबा निघाला.
खाली माती पांढुरकी, पिठासारखी,
तिच्यात एक बिडीचं थोटूक,
वाल्मीकचंच असणार.
बादलीभर पाणी ओतलं.
मातीने लगेच घेतलं नाही.
पाणी वरच उभं राहिलं थोडा वेळ,
दार वाजवून
आत कुणी आहे का
याची वाट बघतात तसं.